खिडकीजवळची रेंज

गिरणीत मला जामवाली म्हणतात. माझं नाव हजेरीच्या मशीनला माहीत आहे, बायकांना नाही. जी बाई जिथून कंपनीच्या बसमध्ये चढते ते गाव तिचं नाव, अशी आमच्याकडे पद्धत. मी जामच्या चौकातून चढते. वडनेरहून चढायची ती वडनेरवाली. वय विचाराल तर ठेकेदाराला विचारा. त्याच्या कागदावर मी अजून कामाला चालेल एवढीच आहे. माझे गुडघे तो कागद वाचत नाहीत.

गिरणी सुताची आहे. एक लांबच लांब शेड. एका टोकाला सूत कातणाऱ्या मशिनी, दुसऱ्या टोकाला तेच सूत छोट्या बॉबिनींवरून मोठ्या शंकूसारख्या कोनावर गुंडाळणाऱ्या मशिनी. भरलेल्या बॉबिनींची ट्रॉली पहिल्या टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायची, हे माझं काम. बरीच वर्षं मी नुसती ढकलत होते. मग ट्रॉल्यांना चिठ्ठ्या आल्या आणि आमच्या हातात गन आली.

गन म्हणजे मोठ्या दुकानात सामानावर धरतात तसली. ट्रॉलीच्या दांड्याला प्लास्टिकमध्ये बंद केलेली चिठ्ठी दोरीने बांधलेली असायची, तिच्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. माल कोणता, कोणत्या मशीनचा, ते सगळं त्या चौकोनात असतं म्हणे. त्याच्यावर गन धरायची. टिंग वाजलं की ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळलं. टिंग वाजल्याशिवाय ट्रॉली जागची हलवायची नाही, असा नियम होता. नियम करणाऱ्याने ऑफिसात बसून गन वाजवून पाहिली असेल. ऑफिसात वाजते.

शेडमध्ये वाजत नव्हती. शेड म्हणजे सगळं लोखंड, वर पत्रा, आणि सूत तुटू नये म्हणून दिवसभर हवेत पाण्याचा फवारा. त्यात वायफाय कुठून येणार? गनच्या काचेवर एक गोल फिरत राहायचं, फिरत राहायचं, आणि मग लाल अक्षरात काहीतरी इंग्रजी यायचं. पहिली ट्रॉली वाजली नाही तर गन दुसरी घ्यायची नाही. मागे ट्रॉल्यांची रांग लागायची आणि पलीकडच्या टोकाच्या बायका रिकाम्या मशिनींपुढे उभ्या राहून आमच्याकडे हात ओवाळून शिव्या द्यायच्या. आवाजात शिव्या ऐकू येत नाहीत. हातावरून कळतात.

सुपरवायझर कारंज्याचा आहे. वाईट माणूस नाही, पण त्याला ओरडण्याशिवाय दुसरं काम येत नाही. तो यायचा आणि म्हणायचा, "ओ आजी, काऊन थांबल्या? ट्रॉली हालवा!"

"गन नाई वाजून राह्यली."

"मंग वाजवा."



पाण्याच्या कूलरजवळ एक खिडकी आहे. खिडकीपलीकडे ऑफिसचा बोळ, आणि बोळात छताला वायफायचा पांढरा डबा. एकदा पाणी प्यायला गेले तेव्हा कमरेला अडकवलेली गन आपोआप टिंग वाजली. सकाळपासून अडकलेल्या ट्रॉलीची नोंद तिथून ऑफिसात गेली होती. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. भरलेली ट्रॉली खिडकीपर्यंत नेता येत नाही, मध्ये खांब आहेत आणि नाली आहे. म्हणून मी ट्रॉली सोडून चिठ्ठी न्यायला लागले.

दोरी सोडायची, चिठ्ठी घ्यायची, खिडकीशी जाऊन टिंग करायचं, परत येऊन चिठ्ठी बांधायची. एकेक नेली तर पायांचे हाल तेवढेच, म्हणून मी एका वेळी चार नेत होते. डाव्या हाताच्या एकेका बोटात एकेकीची दोरी. पहिल्या ट्रॉलीची अंगठ्याजवळच्या बोटात, दुसरीची मधल्या, असं करत चौथीची करंगळीत. परत आलं की त्याच क्रमाने बांधायच्या. बोटं काही आपली जागा बदलत नाहीत. ही युक्ती मी शेडमधल्या सगळ्या बायकांना शिकवली आणि प्रत्येकीला बजावलं, "चारच घेजो. पाचवी घेतली तर ते कोनाची हाये, हे तुले कोनी सांगनार नाई."

सुपरवायझरने हे पाहिलं होतं. त्याला ट्रॉल्या वेळेवर हव्या होत्या. म्हणून त्याने तोंड फिरवलं.

वडनेरवाली माझ्या शेजारच्या रांगेत होती. चाळिशीची, अंगाने काटक, तोंडाने माझ्यासारखीच. गिरणीत लागायला तिने ठेकेदाराकडे इतके हेलपाटे घातले होते की त्याच्या दारातल्या कुत्र्याने तिच्यावर भुंकणं सोडलं होतं. तिला हे काम हवं होतं कारण इथे बारा महिने काम असतं, डोक्यावर छप्पर असतं आणि कोणाच्या शेताच्या धुऱ्यावर उभं राहून "आज निंदन हाये का हो?" विचारावं लागत नाही. दुपारच्या सुट्टीत आम्ही एका डब्यात जेवत होतो. तिच्या हातचा झुणका तिखट असायचा. मी सांगायचे, ती दुसऱ्या दिवशी अजून तिखट आणायची.

मग ती भानगड झाली. आमच्याकडे सारख्याच जाडीचे दोन माल निघतात. एक विंचरलेल्या कापसाचा, एक साध्या. डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. बॉबिनीच्या रंगावरून ओळखायचे, पण रंगीत बॉबिनी कमी पडल्या की दोन्हीला पिवळ्याच लावायचे. मग फरक राहिला फक्त चिठ्ठीचा. एका लांबच्या गिऱ्हाइकाने आमच्या सुताचं कापड विणून रंगवलं, तर थानात पट्टे उठले. एका ट्रॉलीला दुसरीची चिठ्ठी लागली होती आणि दोन माल एकमेकांत मिसळले होते. गिरणीत याच्याहून मोठा गुन्हा नाही. विडी ओढताना सापडलेल्या माणसाला एकदा सोडून देतील, मिसळ करणाऱ्याला नाही.

कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. त्या ट्रॉलीची टिंग वडनेरवालीच्या गनची होती. तिला ऑफिसात बोलावलं. मॅनेजरने तिला एकच विचारलं, "गन तुझी का?" ती हो म्हणाली. ठेकेदाराने गेटवर तिचा बिल्ला काढून घेतला आणि सांगितलं, उद्यापासून येऊ नको. तिच्या नावापुढे हलगर्जीपणा असं लिहिलं. हा शब्द तिने मला बसमध्ये सांगितला. दोनदा सांगितला.

चिठ्ठ्या सोडून नेतो हे तिने ऑफिसात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्याच बायका गेल्या असत्या, आणि सगळ्यांत आधी मी.

आता खरं सांगते. त्या पाळीत चिठ्ठ्या मीही नेल्या होत्या. तिच्या गनची बॅटरी संपली की ती माझी घ्यायची, माझी संपली की मी तिची. त्या दिवशी दुपारनंतर कोणती गन कोणाकडे होती, हे आम्हा दोघींनाही आठवत नाही. चूक तिच्या हाताची की माझ्या, मला आजही माहीत नाही. मी गप्प बसले. भीती वाटली नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण भीतीच वाटली.

ती दर रविवारी माझ्या घरी यायला लागली. दारातून "जयभीम" म्हणायची, पाणी घ्यायची आणि विचारायची, "काई झालं का?"

"काय होनार वं?"

"कोनाले काई बोलल्या का?"

मी चहा ठेवायला उठायचे. तिच्या हातांवर निंदणाचे चरे दिसायचे. ती ते पदराखाली घ्यायची नाही, उलट कप धरताना पुढेच करायची.

अशात एक दिवस पाळी बदलायच्या वेळी मॅनेजरने सगळ्यांना शेडच्या दारापाशी उभं केलं आणि भाषण दिलं. तो आधी नागपूरला होता, अर्धं हिंदीत बोलतो. "अब अपना खुद का प्रायव्हेट नेटवर्क होगा. गिरणीचं स्वतःचं. बाहेरच्या टॉवरचा भरवसा नाही, वायफायची कटकट नाही. मशीन बंद पडली तर मशीनच सांगेल. कोणती ट्रॉली कुठे आहे, खुर्चीवर बसून दिसेल. बाहेरचा कोणी आत घुसू शकणार नाही. आणि रेंज कोपऱ्याकोपऱ्यात!" असं बरंच. शेवटी टाळ्या वाजवा म्हणाला. वाजवल्या.

बसमध्ये चर्चा झाली.

"हे प्रायव्हेट नेटवर्क म्हंजे काय वं माय?"

"प्रायव्हेट दवाखाना असते ना, तसं. दुखनं तेच, बिल मोठं."

"त्याच्यात आपल्या मोबाइलले रेंज येईन का?"

"तुह्या मोबाइलले कायले येईन? मशिनीले येईन. मशीन आपल्या सासूले फोन लावन."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मला कोपऱ्याकोपऱ्यात हा शब्द चिकटला होता. कोपऱ्याकोपऱ्यात गन वाजली असती तर चिठ्ठी सोडावीच लागली नसती. चिठ्ठी सोडली नसती तर मिसळ झाली नसती. वडनेरवाली माझ्या बाजूला बसलेली असती. हे सरळ होतं. चौथी शिकलेल्या बाईला कळेल इतकं सरळ.

काही दिवसांनी नागपूरहून एक इंजिनीअर मॅडम आल्या. तिशीच्या असतील. डोक्यावर हेल्मेटसारखं पिवळं टोपडं, पायात जाड बूट, हातात लॅपटॉप. तीन-चार दिवस त्या शेडमध्ये फिरत होत्या. आधी मला वाटलं, बरं झालं, बाई आहे, फिरून पाहते आहे, ऑफिसात बसून नियम करणारी नाही. मग एक दिवस कूलरजवळ मी पाणी पीत असताना त्या सुपरवायझरला लॅपटॉपवर काहीतरी दाखवत होत्या. मीही मान घातली. शेडचा नकाशा होता. खिडकीपाशी लालभडक डाग, शेणाच्या गोवरीएवढा. बाकी शेड पांढरी.

मॅडम म्हणाल्या, "सगळ्या गन महिनाभर कुठे-कुठे वापरल्या गेल्या, त्याची ही नोंद. नव्वद टक्के काम याच जागी होतं. म्हणून इथे दोन अँटेना लावू. तिकडच्या टोकाला वापर जवळजवळ नाहीच. तिकडचं पुढच्या टप्प्यात पाहू."

तिकडचं टोक म्हणजे सूत कातणाऱ्या मशिनी. जिथे आम्ही दिवसभर मरतो ते टोक.

मी ग्लास खाली ठेवला. "मॅडम, तिकडं काऊन नाई लावत?"

"मावशी, तिकडे कोणी गन वापरतच नाही ना."

"मी तुमची मावशी नाई. तिकडं वापरत नाई कारन तिकडं चालत नाई."

त्या हसल्या. चांगल्या हसल्या, चेष्टेने नाही. "चालत नसती तर फेल झालेले प्रयत्न नोंदीत दिसले असते. इथे कोणी प्रयत्नसुद्धा केलेला दिसत नाही."

प्रयत्न आम्ही सुरुवातीचे कित्येक महिने केले होते. करून करून माणूस सोडून देतो, आणि सोडून दिल्यावर नकाशा पांढरा होतो. हे मला तेव्हा इतकं नीट बोलता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "तुमी तिकडं एक दिवस उभ्या राहून पाहा."

"पाहिलं ना. बायका ट्रॉली घेऊन येतात आणि इथे स्कॅन करतात."

ट्रॉली! कोणती बाई ट्रॉली घेऊन त्या खिडकीशी आली होती? मला तोंडावर सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे चिठ्ठ्यांचं सांगायचं. सुपरवायझरने माझा दंड धरला आणि मला खांबाआड नेलं. दात घट्ट दाबून बोलला, "ओ आजी, मॅडमचं डोकं नका खाऊ. चिठ्ठ्याचं बोलान तर तुमची बी सुट्टी अन् माही बी."

"अन् वडनेरवालीची झाली, त्याचं काय?"

"ते झालं ना. होऊन गेलं."

त्या रविवारी वडनेरवाली आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण मला कोणाजवळ तरी चिडायचं होतं. मला वाटलं ती माझ्यासोबत मॅडमला शिव्या देईल. तिने कप खाली ठेवला.

"म्हंजे खिडकीतच लावून राह्यले?"

"हो वं."

"म्हंजे तुमी सगळ्या जनी जन्मभर चिठ्ठ्याच सोडान. अन् कोनाची तरी आखीन मिसळ होईन. अन् ते बी बाई घरी बसन."

"मी सांगतलं ना मॅडमले. ते आयकत नाई."

"काय सांगतलं? चिठ्ठ्याचं सांगतलं?"

मी साखरेचा डबा उघडला आणि पुन्हा लावला.

"बाई, मले तुमीच शिकोलं. एका बोटाले एक. तवा तं मोठं तोंड होतं तुमचं. आता कुठी गेलं?"

"मले बी पोट हाये."

"अन् मले काय मडकं हाये?"

ती चहा अर्धा टाकून गेली. मी तो कप बराच वेळ धुतला नाही. रागाने. माझ्या घरात येऊन मला बोलते म्हणून राग, आणि खरं बोलते म्हणून जास्त राग. दिवसभर मी भांडी आपटत होते. मॅडमचा राग, मॅनेजरचा राग, त्या नकाशाचा राग. एवढ्या शिकलेल्या माणसांना एवढं कळत नाही की बाई जिथे उभी दिसते तिथे तिचं काम असतंच असं नाही. कधी ती तिथे नाइलाजाने आलेली असते.

पुढच्या आठवड्यात मॅडम खिडकीवरच्या भिंतीला पट्टी लावून खुणा करत होत्या. शिडी आली होती, भोक पाडायचं मशीन आलं होतं. आज भोक पडलं की झालं, हे मला दिसत होतं. मी माझ्या टोकाला गेले, चार ट्रॉल्यांच्या दोऱ्या सोडल्या, चिठ्ठ्या बोटांत अडकवल्या आणि मॅडमच्या अगदी खांद्याला लागून उभी राहिले. पहिल्या बोटाची वाजवली. टिंग. दुसऱ्या बोटाची. टिंग.

त्यांनी वळून पाहिलं. माझ्या हाताकडे, मग माझ्या मागे. "मावशी, ट्रॉली कुठे आहे?"

"तिकडं. तुमच्या नकाशात जिथं कोनीच नाई, तिथं."

मी तिसरी वाजवली, चौथी वाजवली. मग त्या म्हणाल्या, "चला," आणि माझ्यामागे आल्या. पूर्ण शेड चालून आल्या. त्यांच्यासमोर मी चारही चिठ्ठ्या बांधल्या. मग त्यांनी माझ्या हातातली गन घेतली आणि पुढच्या ट्रॉलीवर धरली. गोल फिरायला लागलं. त्या धरून उभ्या राहिल्या. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतली. माझ्या मागे ट्रॉल्यांची रांग लागली, पलीकडून बायकांचं हात ओवाळणं सुरू झालं. शेवटी लाल अक्षरं आली.

"हे रोज असं?"

"आजचा दिवस चांगला हाये. फवारा कमी हाये."

त्यांनी पिवळं टोपडं काढलं, कपाळ पुसलं. "माझी नोंद बरोबर होती," त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच. "मी तिचा अर्थ चुकीचा लावला." हे मला आवडलं. गिरणीत 'चुकलं' म्हणणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "मॅडम, एका बाईले याच्यासाठी काढलं हाये. गन तिची होती. मिसळ हातानं झाली, पन या तुमच्या गोलामुळं झाली. हे तुमी साहेबाले सांगा."

"तुम्ही सांगाल का? मी सोबत येते."

ऑफिसात मला बसायला सांगितलं नाही. मॅडमने आधी सगळं नीट मांडलं. मॅनेजर ऐकत होता. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "म्हणजे नियम मोडायला तू शिकवलं सगळ्यांना."

"शिकोलं."

"शरम नाही वाटत?"

"नियम पाळला असता तर तुमची गिरणी दुपारपर्यंत बंद पडली असती. मंग तुमाले शरम वाटली असती."

मॅडम खिडकीबाहेर पाहायला लागल्या. मॅनेजरने एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. लिहून दे म्हणाला. मी लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, ओळी वर जातात. गन शेडमध्ये वाजत नव्हती म्हणून चिठ्ठ्या सोडून खिडकीजवळ नेत होतो. हे मी शिकवलं. वडनेरच्या बाईची एकटीची चूक नाही. मॅनेजर वाचून म्हणाला, "ही शेवटची ओळ काढ. तिचा इथे संबंध नाही."

"मंग सही नाई."

"तुला कळतं का, या कागदावर तुला काढता येतं?"

"कळते. म्हनून तं शेवटची ओळ लिवली. नाई तं मी कायले लिवलं असतं?"

सही झाली. ओळ राहिली.

नेटवर्क लागलं. अँटेना त्या टोकाला लागल्या, मशिनींच्या अगदी डोक्यावर, पत्र्याखाली. आणि काम झालं, खोटं का बोलू. गन धरली की टिंग. चालता चालता टिंग. फवारा कितीही असो. चिठ्ठ्यांच्या दोऱ्या गेल्या, आता त्या ट्रॉलीलाच रिबिट मारून पक्क्या केल्या आहेत, सोडायची सोयच नाही. एखादी मशीन थांबली की मेकॅनिकच्या हातातला फोन वाजतो आणि तो स्वतःहून येतो. पूर्वी आम्ही त्याला शोधायला कँटीनपर्यंत जात होतो आणि तो तिथेही नसायचा. हवेत पाणी किती, गरमी किती, ते काचेवर दिसतं. मिसळीची तक्रार पुन्हा आली नाही. मॅनेजरने गेटवर फलक लावला, नेटवर्कचे फायदे एकाखाली एक लिहिलेले. टोपडी घातलेले पाहुणे येतात, त्यांना तो लॅपटॉपवर नकाशा दाखवतो. आता म्हणे सगळी शेड एकसारखी रंगलेली दिसते. फलकावर बायकांच्या पायांबद्दल काही लिहिलेलं नाही. फायदा जो मोजतो तो आपल्या खुर्चीवरून मोजतो.

मला काढलं नाही. मॅडम जाण्याआधी मॅनेजरशी काहीतरी बोलल्या असाव्यात. पण माझ्याकडची गन घेतली. शेडमध्ये उडून पडलेला कापूस झाडून पोत्यात भरायचं काम दिलं. ठेकेदार म्हणाला, "आजी, वयाले हलकं काम हाये." हलकं नाही. दिवसभर वाकावं लागतं. सुपरवायझर सुपरवायझरच राहिला. तो आता पाहुण्यांना सांगतो की तिकडच्या टोकाचा प्रश्न त्यानेच लक्षात आणून दिला.

राहिली वडनेरवाली. तिच्यासाठी मी तीनदा ऑफिसात गेले. पहिल्यांदा मॅनेजर मीटिंगमध्ये होता. दुसऱ्यांदा म्हणाला, फाइल बंद झाली. तिसऱ्यांदा मी दारातच उभी राहिले, हातात झाडू होता.

"साहेब, तिच्या नावापुढचा तो शब्द काढा."

"वो सिस्टम में है. एकदा गेलेलं बदलता येत नाही."

"नेटवर्क तुमचं सोताचं. कॉम्प्युटर तुमचा सोताचा. अन् लिवलेलं बदलता येत नाई? मंग तुमचं काय हाये त्याच्यात?"

तो म्हणाला, "कामाला जा." मी कामाला गेले.

तिला शेवटी परत घेतलं, पण माझ्या कागदामुळे नाही. कापूस वेचणीला आला. दरवर्षी या दिवसांत गिरणीतल्या अर्ध्या बायका सुट्टी टाकून आपापल्या गावच्या वावरात वेचायला जातात आणि इथे हात कमी पडतात. ठेकेदार गावोगाव बाई मिळेल का विचारत फिरत होता. वडनेरला त्याने तिलाच विचारलं, तिला ओळखलंही नाही. नवीन म्हणून नाव घातलं, नवीन बिल्ला दिला, मागची सगळी वर्षं पुसली. जुन्या नावापुढे हलगर्जीपणा अजून तसाच असेल, आत कुठेतरी. अंगठा तोच, पण नंबर नवीन, म्हणून मशीनने तिला घेतलं.

पहिल्या दिवशी ती बसमध्ये चढली तेव्हा माझ्या बाजूची जागा रिकामी होती. ती पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागे बसली. दुपारी डबा तिने दुसऱ्या बायकांत उघडला. मी काही बोलले नाही. मीही कधी काळी महिने-महिने काही बोलले नव्हते.

पाळी संपायच्या आधी मी तिच्या रांगेत झाडत होते. ती भरलेली ट्रॉली घेऊन आली. माझा ढीग तिच्या वाटेत होता. तिने जागेवरच गन धरली, टिंग वाजलं, आणि ती माझ्याकडे पाहत थांबली. मला वाटलं आता बोलेल. चांगलं किंवा वाईट, काहीही.

"बाजू व्हा," ती म्हणाली. "ट्रॉली जाऊ द्या."

मी ढीग पायाने सरकवला आणि बाजूला झाले. ट्रॉलीचं एक चाक अडकत होतं. तिने मदत मागितली नाही, मी हात लावला नाही. ती जोर लावून पुढे गेली.